हाकेचा खडक

पहिल्या कमानीपाशी वहिनी थांबली आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

मी थोडी पुढे गेले होते. मागे वळून तिला म्हटलं, इथे बूट काढायची पद्धत नाही, वर अजून बरंच चालायचंय, सगळी खडी आहे आणि ओल आहे. ती ऐकत होती, पण हात थांबले नाहीत.

"देऊळ आहे ना?" तिने विचारलं.

"आहे. पण यांच्यात इतक्या बाहेर काढत नाहीत."

"यांच्यात नसतील काढत."

तिने बूट खांबाच्या कडेला नीट जोडून ठेवले, शाल सावरली आणि लोकरी मोज्यांनीच चालायला लागली. मी मात्र बूट घालूनच राहिले. कामानिमित्त मी जपानात बऱ्याचदा येऊन गेले होते, इथल्या रीती मला माहीत होत्या, आणि उगाच वेगळं वागून लोकांच्या नजरेत येणं मला आवडत नसे.

त्या कमानीला तोरी म्हणतात. दोन उंच लाकडी खांब, वर दोन आडव्या तुळया, बस. दार नाही, भिंत नाही. लाकूड इतकं जुनं होतं की त्याचा रंग शेवाळाखाली गेला होता. तिच्यापलीकडे देवदारांसारखी सरळसोट झाडं आणि त्यांच्यामधून वर जाणारी दगडी वाट. हिबिकिमोरी हे त्या देवस्थानाचं नाव. आठशे वर्षांपासून तिथे लोक येतात, असं खाली बसथांब्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं. नोव्हेंबर होता, आणि त्या दिवशी आमच्याशिवाय तिथे कुणी आलेलं दिसत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी असाच एकदा माझा भाऊ या कमानीतून आत गेला होता. त्याला बाहेर पडताना कुणी पाहिलं नाही.

शिरीषदादा माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा. सांगलीत मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होता. कंपनीने त्याला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जपानात, समुद्राकाठच्या एका गावी पाठवलं. परत यायला थोडेच दिवस उरले असताना एका रविवारी तो एकटाच बसमध्ये बसला आणि शेवटच्या थांब्यावर उतरला. बसचालकाला आठवत होतं, कारण त्या बाजूला परदेशी माणूस कधी येत नसे. सोमवारी दादा कामावर आला नाही. पोलीस आले, गावकरी आले, कुत्री आणली, डोंगर पिंजून काढला. मग बर्फ पडायला लागलं. वसंतात पुन्हा शोधलं. काही मिळालं नाही, कपड्याची चिंधीसुद्धा नाही.

मिरजेच्या घरी आम्ही फोनभोवती बसून असायचो. तिकडून मोडक्या इंग्रजीत चार ओळी यायच्या: शोध सुरू आहे, शोध थांबवला आहे, अतिशय खेद वाटतो. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आपल्या माणसाबद्दल कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि आपल्याला ते नीट कळत नाही, हे मला सहन होईना. पुढच्या वर्षी मी पुण्याला गेले आणि जपानी शिकायला लागले. पोटापाण्याचं साधन ते नंतर झालं. शिकले ते दादासाठी, पण त्या डोंगराकडे जायचा धीर मात्र कधी झाला नव्हता.

सुलभावहिनी मिरजेलाच राहिली, माझ्या आईजवळ. शाळेत ती संगीत शिकवायची. रोज आंघोळ झाली की कुंकू लावायची, मंगळसूत्र नीट करायची. दारावरची दादाच्या नावाची पाटी दिवाळीला पुसून काढायची. त्याच्याबद्दल बोलताना ती नेहमी वर्तमानकाळात बोलायची. ह्यांना कारलं आवडत नाही. ह्यांना गर्दीचा त्रास होतो.

बारा वर्षं झाली तेव्हा काकांनी गुरुजींना बोलावलं. आईने अंथरूण धरलं होतं, आणि मुलाचं काहीतरी मार्गी लागल्याशिवाय तिला जायचं नव्हतं. गुरुजींनी सांगितलं, इतकी वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याच्यासाठी विधी आहे. दर्भाचा पुतळा करायचा, पळसाची पानं लावायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि अग्नी द्यायचा. म्हणजे तो माणूस सुटतो, आणि घरही सुटतं. मी त्या बाजूची होते. दादा कुठल्यातरी दरीत पडला आणि त्या थंडीत गेला, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. वर्षानुवर्षं मी वहिनीला हेच सांगत आले होते, कधी हळू, कधी चिडून.

वहिनी त्या दिवशी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. गुरुजी गेल्यावर ती मला म्हणाली, "मला एकदा तिथे घेऊन चल. मग तुम्ही म्हणाल ते."

म्हणून आम्ही त्या वाटेवर होतो.

वर चढताना चालण्याचा आवाज फक्त माझा येत होता. वहिनीच्या मोज्यांचा काहीच आवाज होत नव्हता. त्यामुळे मला सारखं वाटायचं, आपण एकट्याच चाललोय, आणि मी मान वळवून बघायचे. ती असायचीच, हातभर मागे, झाडांकडे बघत. एकदा मी वळले तर ती माझ्याकडे न बघता आपल्या मागे बघत होती. काय झालं म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणाली.

वर पोचलो तर मोकळं अंगण होतं. एक म्हातारे पुजारी वाळकी पानं झाडत होते. कुरामोतो त्यांचं नाव. आम्ही येणार असल्याचं मी त्यांना फोनवर कळवलं होतं, म्हणून ते लवून नमस्कार करत पुढे आले. मग त्यांची नजर वहिनीच्या पायांकडे गेली आणि तिथेच राहिली. मोजे चिखलाने काळे झाले होते. मी घाईघाईने सांगितलं की आमच्याकडे देवळात जाताना पायातलं बाहेर काढतात. त्यांनी झाडू कठड्याला टेकवून ठेवला आणि म्हणाले, आधी दर्शन घ्या, मग आत शेगडीपाशी बसू.

मुख्य देवघर लहान होतं. झाडाच्या सालींचं जाडजूड उतरतं छप्पर, पुढे गवताचा पीळ दिलेला दोर आणि त्याला लटकणारे पांढऱ्या कागदाचे तुकडे. मी दोनदा वाकले, दोनदा टाळी वाजवली. वहिनी हात जोडून आत बघत राहिली. आत अंधार होता आणि एक पडदा. तिने विचारलं, मूर्ती कुठे आहे? मी सांगितलं, मूर्ती नसते. पडद्यामागे आरसा असतो, तोही कुणी बघत नाही.

"मग हे लोक बघतात कुणाकडे?"

तिने डोळे मिटले.

शेगडीपाशी बसल्यावर कुरामोतोंनी चहा ओतला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी ते वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेले. तो माणूस दुपारी आला. उंच, चष्मा लावलेला. त्यानेही खालच्या कमानीपाशी बूट काढले होते. असं करणारा माणूस पुजाऱ्यांनी तोवर पाहिला नव्हता, म्हणून त्यांच्या लक्षात राहिलं. तो देवघरापुढे हात जोडून उभा राहिला, अगदी आत्ता वहिनी उभी होती तसा. मग त्याने खुणेने विचारलं, मागची वाट कुठे जाते? पुजाऱ्यांनी हाताने दाखवलं, वर. तो गेला. थोड्या वेळाने ते झाडायला खाली गेले तेव्हा कमानीपाशी त्याचे तपकिरी बूट होते. त्यांनी ते कडेला सरकवून भोवती झाडलं.

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

मग म्हणाले, अंधार पडायच्या आधी ते कमानीपाशीचा दिवा लावायला पुन्हा गेले. तेव्हा बूट तिथे नव्हते.

मी ते मराठीत सांगायचं सोडून त्यांनाच पुन्हा विचारलं. हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पोलिसांना सांगितलं होतं, असं कुरामोतो म्हणाले. मधल्या कुठल्या कागदावर, कुठल्या दुभाष्यापाशी ते गळलं, कोण जाणे. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी जसं होतं तसं सांगितलं.

"म्हणजे बूट घालून गेले," वहिनी म्हणाली.

मी पुजाऱ्यांना विचारलं, तसंच म्हणायचं का? त्यांनी मान हलवली. खात्री देता येत नाही. डोंगरात माकडं आहेत, ती वाटेल ते उचलून नेतात. एखाद्या वाटसरूने नेले असतील. पण त्या संध्याकाळी त्यांना स्वतःला तसंच वाटलं, की पाहुणा परत गेला. म्हणून ते वर बघायला गेले नाहीत. म्हणून त्यांनी कुणाला फोन केला नाही. दोन दिवसांनी पोलीस आले तेव्हा त्यांना कळलं. एवढं सांगून ते बसल्या जागीच वहिनीपुढे वाकले, कपाळ चटईला टेकेपर्यंत, आणि तसेच राहिले.

"त्यांना सांग, त्यांची काही चूक नाही," वहिनी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "आणि विचार, ती मागची वाट कुठे जाते."

कुरामोतो म्हणाले, ती हाकेच्या खडकाकडे जाते. पूर्वीपासून इथली माणसं समुद्रावर जात, डोंगरात लाकूडतोडीला जात, आणि कधीकधी परत येत नसत. ना प्रेत मिळे, ना निरोप. मग घरची बाई त्या खडकावर येऊन दरीकडे तोंड करून हाक मारायची. नावाने, तीन वेळा. माणूस जिवंत असेल तर डोंगर गप्प राहतो. जिवंत नसेल तर डोंगरातून उत्तर येतं.

मी हे सांगितलं तेव्हा मनात एवढंच आलं की तिने तिथे जाऊ नये. वहिनी उठून उभी राहिली होती.

वाट अवघड नव्हती, पण धुकं उतरायला लागलं होतं. पुजारी पुढे, वहिनी मध्ये, मी मागे. झाडं संपली आणि एकदम समोर काहीच उरलं नाही. एक सपाट काळा खडक पुढे आलेला, त्याच्या कडेला दोर बांधलेला, आणि खाली पांढरं धुकं. पलीकडचा कडा अधूनमधून दिसायचा आणि जायचा. खोल कुठेतरी पाणी वाहत होतं.

कुरामोतोंनी हातानेच दाखवलं, कुठे उभं राहायचं. वहिनी तिथे गेली. तिने श्वास घेतला आणि तशीच उभी राहिली. मला वाटलं, रडत असेल. जवळ गेले तर डोळे कोरडे होते.

"नाव घ्यायचं म्हणतात ना," ती म्हणाली. "मी कधी घेतलंच नाही गं, विदू. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच."

मी म्हटलं, मी मारते हाक, तू ऐक. तिने मान हलवली. मला दोन पावलं मागे सरायला लावलं. मग तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक मारली.

"अहोऽऽऽ!"

मिरजेच्या घरात हा शब्द मी हजारदा ऐकला होता. चहा झाला की, फोन आला की, पाऊस येतोय म्हणून दोरीवरचे कपडे काढायला. स्वयंपाकघरातून मारलेली, अर्धं लक्ष दुसरीकडे असलेली ती हाक. पण वहिनी शाळेत शेकडो मुलांसमोर प्रार्थना म्हणणारी बाई होती. तो आवाज दरीवरून सरळ गेला आणि धुक्यात शिरला.

आणि परत आला. आधी काहीच नाही, मग पलीकडून, जरा खालून, जाडसर, पुरुषी वाटावा असा.

"ओऽऽ."

'ओ' म्हणजे काय हे कुरामोतोंना माहीत नव्हतं. त्यांच्या कानाला तो नुसता आवाज होता. पण आमच्याकडे हाकेला माणूस हेच म्हणतो. दादा असंच म्हणायचा, जिन्याखालून, हातातलं काम न सोडता.

वहिनी हलली नाही. पुजारी हळूच म्हणाले की अजून दोनदा मारायची असते. मी ते सांगितलं.

"नको," ती म्हणाली. "ओ दिली."

ती वळली. चेहऱ्यावर काही नव्हतं, दमल्यासारखी दिसत होती फक्त. पुजारी तिच्यापुढे खूप खाली वाकले, घरात कुणी वारल्यावर वाकतात तसे. ती त्यांना नमस्कार करून वाटेला लागली. मी तिच्या मागे निघणार होते, पण पाय निघेना.

कुरामोतो माझ्याजवळ येऊन उभे राहिले. धुक्यात वहिनी दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, "ही दरी सगळ्यांनाच उत्तर देते. माझे वडील म्हणायचे, इथवर येणारी माणसं फार दमलेली असतात. त्यांना घरी जाता आलं पाहिजे."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते डोळे न हलवता दरीकडे बघत होते. मग म्हणाले, तुमचा तर तो भाऊच होता. वाटलं तर तुम्हीही हाक मारा.

मला ते बरोबर वाटलं. मीही बारा वर्षांत दमले होते. आणि उत्तर येणारच हे कळल्यावर भीती कसली? मी वहिनी उभी होती तिथे गेले, तशीच उभी राहिले, आणि ओरडले, "दादाऽऽऽ!"

खाली पाणी वाहत होतं. बाकी काही नाही.

मला वाटलं, आवाज कमी पडला. मी छाती भरून पुन्हा ओरडले. पलीकडचा कडा त्या वेळी स्वच्छ दिसत होता, त्याच्यावरची झाडं दिसत होती. माझा आवाज तिकडे गेला आणि परत आला नाही. तिसऱ्यांदा मी पूर्ण नाव घेतलं. शिरीषदादा. घशातून शेवटी नुसती घरघर निघाली.

मी वळले. कुरामोतो एक पाऊल पुढे येऊन कान देऊन ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मगाचा शांतपणा नव्हता.

"वारा फिरला असेल," ते शेवटी म्हणाले.

वारा नव्हता. धुकं जागच्या जागी होतं.

खाली अंगणाच्या कडेला हात धुवायचं दगडी कुंड आहे. बांबूच्या नळीतून त्यात पाणी पडत असतं. मी आले तेव्हा वहिनी तिथे उभी होती. तिने शालीचं टोक पाण्यात बुडवलं होतं आणि कपाळ पुसत होती. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. थांब म्हटलं, घाई करू नकोस, घरी जाऊन बघू. बुटांचं ऐकलंस ना तू? कुणास ठाऊक काय झालं असेल?

तिने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "इतकी वर्षं तूच सांगत होतीस ना?"

मी तिचा हात सोडला. तिने उरलेलं कुंकू पुसून काढलं आणि टोक पिळलं.

बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी मागच्या काचेतून रस्ता दिसेनासा होईपर्यंत बघत होते.

पुढचं सगळं सरळ झालं. कृष्णेच्या घाटावर काकांनी दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. मी घाटावर गेले नाही. मला ताप आहे असं सांगितलं, आणि खरंच ताप भरला. आईने त्या दिवशी पोटभर वरणभात खाल्ला, आणि महिनाभराने झोपेतच गेली. वहिनीने दारावरची पाटी बदलली. शाळेतून आल्यावर ती पुन्हा स्वतःसाठी तंबोरा काढून बसायला लागली. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, सुलभा किती सावरली, तू जपानला घेऊन गेलीस ते फार बरं झालं.

माझं मात्र उलटं झालं. ज्याला मी बारा वर्षं मेलेला मानत होते तो मला सगळीकडे दिसायला लागला. तोक्योच्या स्टेशनात पुढे चाललेली एखादी पाठ. कारखान्यांत दुभाषी म्हणून जायचे तिथे मागच्या रांगेत बसलेला, पिकलेल्या केसांचा, चष्म्याचा माणूस. मी बोलता बोलता थांबायचे, लोक वाट बघत राहायचे. अनोळखी नंबरावरून फोन आला आणि पलीकडे कुणी बोललं नाही तर मी ठेवत नसे. हिबिकिमोरीला मी पुन्हा दोनदा गेले. खडकापर्यंत गेले नाही. दोन्ही वेळा कमानीपाशी उभी राहून परत आले. दुसऱ्या वेळी कळलं की कुरामोतो आता नाहीत.

वीसेक वर्षं वहिनीला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिचं सावरलेलं मोडलं असतं, असं वाटायचं. गेल्या दिवाळीला मिरजेला गेले तेव्हा मात्र राहवलं नाही. दुपारची वेळ होती. ती मेथी निवडत बसली होती. आता तीही साठीच्या पलीकडे गेली आहे. मी तिला सगळं सांगितलं. दरी सगळ्यांनाच उत्तर देते, हे पुजाऱ्यांनी सांगितलेलं. मी मारलेल्या हाका. आणि त्यानंतरची शांतता.

तिने निवडणं थांबवलं नाही. "ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तो प्रतिध्वनी होता हे. दरवर्षी मुलांना पन्हाळ्याला न्यायचे मी. तटावरून ओरडतात सगळी. 'अहो'चं काय परत येणार दुसरं?"

तिने एक जुडी संपवली, दुसरी ओढली.

"जायच्या आधीच्या शुक्रवारी फोन आला होता ह्यांचा," ती म्हणाली. "म्हणाले, इथे मला कुणी हाक मारत नाही गं. फार बरं वाटतं. मी हसले. म्हटलं, या आता, घरी सगळी हाका मारायला बसलीत. त्यावर काही बोलले नाहीत."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगायचं? आईंना?" तिने मेथीचे देठ बाजूला सारले. "त्या पुजाऱ्यांनी बुटांचं सांगितलं तेव्हाच मला कळलं. पण कळून काय करायचं, ते कळत नव्हतं. जिवंत आहेत आणि यायचं नाही, असं घेऊन कशी जगणार होते मी? ओ आली नसती ना, विदू, तरी मी तुला आली म्हणूनच सांगितलं असतं."

बाहेर मुलं फटाके उडवत होती. मी तिला विचारलं की मग मी काय करू. मला ओ आली नाही ना. मी कुणाला काय सांगू?

तिने पहिल्यांदाच हात थांबवले. माझ्याकडे बघितलं.

"तुझं वेगळं आहे," ती म्हणाली. "माझा नवरा गेला. तुझा भाऊ आहे."

त्यानंतर ती उठून भाजी धुवायला आत गेली, आणि आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही.

तो भाऊबीजेचा दिवस होता. आमच्या घरात कित्येक वर्षांत भाऊबीज झाली नव्हती. ऊन उतरल्यावर मी खोलीत पडून होते. वहिनी दारात आली. तिच्या हातात ताम्हण होतं, निरांजन पेटवलेलं, अक्षता, सुपारी, करंजी.

"चल गच्चीवर," ती म्हणाली. "बीजेची कोर आहे, लगेच मावळते."

जिचा भाऊ समोर नाही तिने चंद्राला ओवाळायचं, हे मला माहीत होतं. मी कधी ओवाळलं नव्हतं. उठले, तोंड धुतलं, तिच्यामागे जिना चढले. पश्चिमेला, शेजारच्या गच्चीवरच्या टाकीच्या वर, नखाएवढी कोर होती. वहिनीने ताम्हण माझ्या हातात दिलं. वारा सुटला होता. मी ओवाळायला सुरुवात केली आणि ती वाऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली, पदर पसरून, निरांजन विझू नये म्हणून.